केशरी रंग ताटातून रक्तात कसा पोचतो: गाजर, भोपळा, आंबा आणि त्यांतली कॅरोटिनॉइडं

गाजर किसून झालं की किसणीला आणि बोटांना केशरी रंग चढतो. नुसत्या पाण्याने तो निघत नाही, साबणानेही एका हातात पुरता जात नाही. पण किसणीवर गोडेतेलाचे चार थेंब चोळले, दोन मिनिटं थांबलं आणि मग साबण लावला, की रंग तेलाबरोबर सहज उतरतो. हा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. केशरी भाज्या-फळं कशी शिजवायची, कशाबरोबर खायची आणि त्यातलं किती अंगी लागतं, हे बरंचसं याच एका गुणधर्मावर ठरतं.

गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा, संत्रं, केशरी गराचं रताळं या सगळ्यांना रंग देणाऱ्या द्रव्यांच्या गटाला कॅरोटिनॉइड म्हणतात. त्यातल्या काहींपासून आपलं शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. गाजरातून असं द्रव्य पहिल्यांदा वेगळं काढलं ते हाइनरिश वाकनरोडर या जर्मन रसायनतज्ज्ञाने, १८३१ साली. त्याची रचना उलगडायला मात्र आणखी शंभर वर्षं गेली. स्वित्झर्लंडमधल्या पॉल कारर यांनी १९३० च्या सुमारास ती मांडली आणि १९३७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

रचना तशी साधी आहे. कार्बनच्या ४० अणूंचा सांगाडा आणि त्यात एकआड एक येणारे दुहेरी बंध. गाजरात मुख्यतः असणाऱ्या बीटा-कॅरोटिनमध्ये असे ११ बंध ओळीने असतात. ही ओळ उजेडातला निळा भाग शोषून घेते आणि उरलेला उजेड आपल्याला केशरी दिसतो. याच बंधांवर हवेतला ऑक्सिजन आणि ऊन हल्ला करतात. उन्हात वाळवलेला गाजराचा कीस काचेच्या बरणीत उजेडात ठेवला तर हळूहळू फिकट पडत जातो, तो त्यामुळेच. तिथे नुसता रंग उडत नाही, ते द्रव्यच मोडलेलं असतं. वाळवायचंच असेल तर सावलीत वाळवावं आणि घट्ट झाकणाच्या डब्यात अंधारात ठेवावं.

पालक, माठ, मेथी, शेवग्याचा पाला यांतही हीच द्रव्यं भरपूर असतात, फक्त हरितद्रव्याखाली झाकलेली असतात. उलट, दिसायला पिवळं, केशरी किंवा लाल ते सगळं कॅरोटिनॉइड नसतं. हळदीचा रंग कर्क्युमिनचा, बीटाचा बीटालेनचा आणि हलवायाकडच्या भडक जिलबीचा बहुधा खाण्याच्या रंगाचा. त्यांचा अ जीवनसत्त्वाशी काही संबंध नाही.

कुठल्या रंगातून अ जीवनसत्त्व मिळतं

निसर्गात कॅरोटिनॉइडं शेकड्यांनी आहेत, पण अ जीवनसत्त्वाचा विचार करताना तीनच मोजायची: बीटा-कॅरोटिन, अल्फा-कॅरोटिन आणि बीटा-क्रिप्टोझँथिन. गाजर-भोपळ्यात पहिली दोन जास्त, संत्रं-पपईत तिसरं ठळक. आहारातल्या बाकीच्या मुख्य कॅरोटिनॉइडांपासून अ जीवनसत्त्व तयार होत नाही. टोमॅटो आणि लाल कलिंगडातलं लायकोपीन, मक्यातलं आणि अंड्याच्या बलकातलं ल्युटीन-झिॲझँथिन, लाल मिरचीतलं कॅप्सँथिन ही त्यातली. तांबड्या रश्श्यावर येणारी लालभडक तर्री म्हणजे तेलात उतरलेलं कॅप्सँथिनच असतं. बलक जितका गडद तितकं अंडं पौष्टिक, हा समजही इथेच गळून पडतो. बलकाचा रंग कोंबडीच्या खाद्यातल्या ल्युटीनवर ठरतो. अंड्यातलं अ जीवनसत्त्व असतं ते रेटिनॉल या तयार रूपात, आणि त्याचा रंग असा दिसत नाही.

हिवाळ्यात हलव्यासाठी येणारी लांब, लाल गाजरं आणि वर्षभर मिळणारी आखूड, केशरी गाजरं यांतही हा फरक आहे. लाल गाजराच्या रंगात लायकोपीनचा मोठा वाटा असतो, त्यामुळे बीटा-कॅरोटिन केशरी गाजराच्या मानाने कमी भरतं. लाल गाजर वाईट नाही. पण अ जीवनसत्त्वासाठी मुद्दाम निवडायचं झालं तर केशरी घ्यावं.

बीटा-कॅरोटिनचं अ जीवनसत्त्व होतं ते मुख्यतः लहान आतड्याच्या आतल्या अस्तरात. तिथलं एक विकर (एन्झाइम) त्या लांब रेणूचे बरोबर मधोमध दोन तुकडे करतं. माणसात हे काम अर्धवट होतं: काही रेणू कापले जातात, काही न कापता तसेच रक्तात जातात आणि चरबीत साठतात. गाईचंही तसंच आहे, म्हणून गाईच्या तुपाला पिवळी झाक असते. म्हैस मात्र जवळजवळ सगळं कॅरोटिन अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. गाईचं तूप हिरव्या चाऱ्याच्या दिवसांत जास्त पिवळं आणि कोरड्या कडब्यावर उन्हाळ्यात फिकट होतं. एवढ्यावरून भेसळीचा संशय घेऊ नये.

या कापाकापीवर शरीराचा लगाम असतो. अ जीवनसत्त्वाचा साठा पुरेसा असला की विकर मंदावतं, साठा कमी असला की जोमाने चालतं. भाज्या-फळांतून अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही तो यामुळे. तयार रेटिनॉलच्या गोळ्यांना असा लगाम नसतो. गरोदरपणात त्या मनाने घेणं धोक्याचं आहे, कारण अति रेटिनॉलने गर्भात व्यंग येऊ शकतं. गाजर-भोपळ्याबाबत ही भीती नाही.

तक्त्यातला आकडा आणि पोटात पोचणारा आकडा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला रोज १००० आणि स्त्रीला ८४० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळायला हवं. अन्नातल्या १२ मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटिनपासून १ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळतं असं धरण्याची अमेरिकेत पद्धत आहे. बाकीच्या दोघांसाठी हा हिशेब २४ ला १ असा आहे.

त्या हिशेबाने, अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकानुसार, १०० ग्रॅम कच्च्या केशरी गाजरातून ८३५, केशरी गराच्या रताळ्यातून ७०९, लाल भोपळ्यातून ४२६, आंब्यातून ५४, पपईतून ४७ आणि संत्र्यातून ११ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळतं. आंब्याचा आकडा तिथल्या जातींचा आहे. गर्द केशरी गराच्या हापूसमध्ये त्याहून जास्त असतं. आपल्याकडच्या बाजारातलं पांढऱ्या गराचं रताळं मात्र या यादीत बसत नाही, त्यात कॅरोटिन नगण्य. केशरी गराच्या जाती वेगळ्या असतात. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने काढलेल्या ‘भू सोना’ या जातीत १०० ग्रॅमला सुमारे १४ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन आहे. रताळं घेताना सालीचा रंग पाहून उपयोग नाही, एक मोडून गर पाहावा.

कागदावर तर एका गाजरात स्त्रीची दिवसाची गरज भागली. पोटात तसं होत नाही. गाजरातलं कॅरोटिन बारीक स्फटिकांच्या रूपात, पेशींच्या चिवट भिंतींच्या आत कोंडलेलं असतं. भिंत फुटली नाही तर ते बाहेरच येत नाही आणि शौचावाटे निघून जातं. स्वीडनमध्ये कृत्रिम पचनाच्या पद्धतीने केलेला, २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यावर फार स्वच्छ प्रकाश टाकतो. कच्च्या गाजराच्या तुकड्यांतून जेमतेम ३ टक्के बीटा-कॅरोटिन मोकळं झालं. तेच गाजर बारीक लगदा करून घेतलं तेव्हा २१ टक्के. लगदा शिजवला तेव्हा २७ टक्के. शिजवलेल्या लगद्यात तेल घातलं तेव्हा ३९ टक्के. गाजर तेच, वजन तेच, आणि फरक तेरापट.

यातली सगळ्यात मोठी उडी बारीक करण्याने मारली आहे, शिजवण्याने नाही. म्हणून वाटीभर गाजराच्या काकड्या कडाकडा चावून गिळण्यापेक्षा त्याच गाजराची बारीक किसून केलेली कोशिंबीर जास्त उपयोगी ठरते. आपल्या कोशिंबिरीत दाण्याचं कूटही असतं. शेंगदाण्याच्या वजनाच्या जवळजवळ निम्मी चरबी असते, म्हणजे दोन मोठे चमचे, साधारण १५ ग्रॅम, कुटातून ७ ग्रॅमच्या आसपास मिळते. वर तेलाची फोडणी. कॅरोटिन शोषलं जाण्यासाठी एका जेवणात माणशी ३ ते ५ ग्रॅम चरबी पुरते, म्हणजे चहाचा एक चमचा तेल किंवा तूप. ती त्याच पदार्थात असायला हवी असंही नाही. वरण-भातावरचं तूप, चपातीला लावलेलं तेल, ताटातलं दही, सगळं धरायचं. पुरेशी चरबी असल्यावर आणखी तेल ओतून फायदा नाही, उष्मांक तेवढे वाढतात.

सकाळी अनशापोटी गाळलेला गाजराचा रस पिण्याचं चलन आहे. त्यात दोन तोटे होतात. कॅरोटिनचा बराच वाटा चोथ्याबरोबर टाकला जातो, आणि पोटात चरबी नसल्यामुळे रसात आलेलंही नीट शोषलं जात नाही. रसच आवडत असेल तर तो न गाळता, जेवणाबरोबर घ्यावा. गाळून उरलेला चोथा थालीपिठात किंवा पराठ्याच्या कणकेत घालावा, फेकू नये.

भोपळ्याची भाजी करताना काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. चौघांसाठी अर्धा किलो लाल भोपळा, दोन सेंटिमीटरच्या फोडी, चार चहाचे चमचे तेल. फोडणीत फोडी परतल्या की दोन मिनिटांत तेल केशरी होतं. कॅरोटिन फोडीतून तेलात उतरल्याची ती खूण. मग झाकण ठेवून, झाकणावर पाणी घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं वाफ आणायची. सुरी सहज आत गेली की गॅस बंद. मीठ अगदी सुरुवातीला घातलं तर भोपळ्याला पाणी सुटतं, ते आटवण्यासाठी झाकण काढून बराच वेळ ढवळत बसावं लागतं आणि फोडींचा लगदा होतो. उघड्या कढईत मोठ्या आचेवर जितका वेळ जातो तितकं कॅरोटिन हवेने मोडतं. वीस-पंचवीस मिनिटं परतून तपकिरी झालेल्या भाजीत बरंच गमावलेलं असतं. उकडल्याने मात्र कॅरोटिन पाण्यात जात नाही. पाण्यात जातं ते क जीवनसत्त्व. भरतासाठी किंवा घारग्यांसाठी भोपळा कुकरच्या भांड्यात पाणी न घालता वाफवला तर दोन्ही वाचतात. आणि भाजी वाढताना कढईच्या तळाशी राहिलेलं केशरी तेल टाकून देऊ नये.

फळांचं गणित वेगळं आहे. आंबा आणि पपई यांच्या गरात कॅरोटिनॉइडं गाजरासारखी मोठ्या स्फटिकांत नसतात. बरीचशी सूक्ष्म तैलकणांत विरघळलेली किंवा द्रवरूप असतात, आणि पिकलेल्या फळाच्या पेशीही मऊ झालेल्या असतात. माणसांवरच्या एका चाचणीत पपईतलं बीटा-कॅरोटिन गाजर-टोमॅटोच्या मानाने सुमारे तिप्पट शोषलं गेलं. कोष्टकात पपई गाजरापुढे किरकोळ दिसते, पण हे अंतर पोटात बरंच कमी होतं. आमरसात चमचाभर तूप घालायची आपल्याकडची रीत या दृष्टीने अगदी बरोबर आहे.

आंबा पिकताना त्यातलं हरितद्रव्य मोडतं आणि कॅरोटिनॉइडं नव्याने तयार होतात. म्हणून कैरीत ती फारच थोडी असतात. कोवळा आंबा कॅल्शियम कार्बाइडने पिकवला की साल पिवळी होते, पण गर फिकट आणि कडक राहतो, कारण आत रंग तयार व्हायला फळ मुळात पक्व झालेलंच नसतं. कार्बाइडने फळं पिकवायला देशात कायद्याने बंदी आहे; इथिलीन वायूला ठरावीक प्रमाणात परवानगी आहे. घरी न पिकलेला आंबा किंवा पपई फ्रिजमध्ये ठेवण्याची चूक बरेच जण करतात. थंडीने पिकण्याची क्रियाच बिघडते आणि बाहेर काढल्यावरही गराला रंग चढत नाही. आधी बाहेर, कागदात किंवा पेंढ्यात पिकू द्यावं, मग फ्रिज.

संत्र्याचं उलट असतं. नागपुरी संत्र्याच्या सालीला केशरी रंग यायला थंड रात्री लागतात. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या पिकाची, सुरुवातीची फळं आतून तयार असूनही बाहेरून हिरवट दिसतात, ती म्हणून. अशी संत्री कच्ची समजून सोडू नयेत. तरीही अ जीवनसत्त्वासाठी संत्र्यावर विसंबू नये. त्याचं बळ क जीवनसत्त्वात आहे.

याने नेमकं काय होतं

डोळ्याच्या पडद्यात मंद उजेड टिपणाऱ्या पेशी असतात. अ जीवनसत्त्वाचं एक रूप तिथल्या प्रथिनाशी जोडलं जाऊन उजेड टिपणारं द्रव्य बनतं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की संधिप्रकाशात दिसेनासं होतं; हा रातांधळेपणा पहिली खूण. पुढे डोळे कोरडे पडतात, बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागावर फेसाळ ठिपके येतात, आणि उपचार झाले नाहीत तर बुबुळाला कायमची इजा होते. श्वासमार्ग आणि आतड्याच्या अस्तरालाही हेच जीवनसत्त्व लागतं, म्हणून कमतरता असलेल्या मुलांना गोवर आणि जुलाब जास्त जड जातात. यासाठीच सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यात १ लाख युनिट आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख युनिट अ जीवनसत्त्वाचा डोस देतात. मूल भोपळा-गाजर खातं म्हणून हे डोस चुकवू नयेत.

गाजर खाऊन चष्मा जात नाही. चष्म्याचा नंबर बुबुळाच्या वळणावर आणि नेत्रगोलाच्या लांबीवर अवलंबून असतो. अ जीवनसत्त्व पुरेसं मिळत असलेल्याला आणखी गाजरं खाऊन जास्त लांबचं किंवा जास्त स्पष्ट दिसू लागत नाही.

कॅन्सर आणि हृदयविकाराबद्दल जे सांगितलं जातं, तिथे फार जपून वाचायला हवं. ज्यांच्या रक्तात कॅरोटिनॉइडं जास्त त्यांना हे आजार कमी, असं अनेक पाहण्यांत दिसलं आहे. पण रक्तातलं कॅरोटिन ही मुळात भाज्या-फळं खाण्याची खूण आहे. फायदा कॅरोटिनचा, तंतूंचा, की एकूण राहणीचा, हे अशा पाहणीतून वेगळं करता येत नाही. म्हणून गोळी देऊन चाचण्या झाल्या, आणि त्यांतून जे निघालं ते प्रत्येक धूम्रपान करणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

फिनलंडमध्ये ५० ते ६९ वर्षांच्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन दिलं. १९९४ साली निकाल आला: गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेत धूम्रपान करणारे, सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले अशा १८,३१४ जणांच्या चाचणीत ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन आणि सोबत रेटिनॉल देत होते. तिथे हे प्रमाण २८ टक्के जास्त निघालं आणि १९९६ च्या जानेवारीत चाचणी मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. २२,०७१ अमेरिकन डॉक्टरांवर, ज्यांत धूम्रपान करणारे थोडेच होते, सुमारे बारा वर्षं चाललेल्या चाचणीत तोटा दिसला नाही, पण फायदाही नाही. तेलात विरघळवलेलं शुद्ध बीटा-कॅरोटिन भाजीतल्यापेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं. धुराने पोळलेल्या, ऑक्सिजनने भरलेल्या फुप्फुसात इतकं साठलेलं कॅरोटिन मोडून त्याचे घातक तुकडे होत असावेत, असं मानलं जातं. भाजी खाऊन असा अपाय झालेला दिसलेला नाही.

तेव्हा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी, किंवा पूर्वी ओढणाऱ्यांनी, ‘डोळ्यांसाठी’ किंवा ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीच्या पाकिटावर बीटा-कॅरोटिन किती आहे ते वाचावं आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. वयोमानाने नेत्रपटलाचा मध्यभाग झिजतो त्या आजारासाठी पूर्वी वापरलेल्या मिश्रणात बीटा-कॅरोटिन होतं. २०१३ साली निकाल आलेल्या मोठ्या चाचणीनंतर त्याच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झिॲझँथिन वापरलं जातं. तेही तो आजार ठरावीक टप्प्यावर असलेल्यांसाठी, सगळ्यांसाठी नाही.

तळहात पिवळे झाले तर

रोज भोपळ्याचं किंवा गाजराचं मऊसर खाणाऱ्या बाळांचे तळहात, तळपाय आणि नाकाचा शेंडा कधी कधी केशरट पिवळे दिसू लागतात. महिनोन्‌महिने रोज गाजराचा रस पिणाऱ्या मोठ्यांतही हे होतं. न कापलं गेलेलं कॅरोटिन त्वचेच्या जाड थरात साठतं, त्याचा हा रंग. अपाय काही नाही. गाजर-भोपळा बंद करायची गरज नसते, आठवड्यातून दोन-तीनदा ठेवून बाकी दिवशी दुसऱ्या भाज्या दिल्या की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत रंग उतरतो. असं काही खाण्यात नसताना तळहात पिवळे होत असतील तर थायरॉइड आणि रक्तातली साखर तपासून घ्यावी, कारण थायरॉइड मंद असताना आणि मधुमेहातही कॅरोटिन साठून राहू शकतं.

काविळीपासून हे ओळखायचं ते डोळ्यांवरून. उजेडात पापणी खाली ओढून डोळ्याचा पांढरा भाग पाहावा. कॅरोटिनमुळे तो कधीच पिवळा होत नाही. तो पिवळा असेल, लघवी गडद होत असेल, तर भोपळ्याला दोष न देता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन बिलिरुबिनची, म्हणजे काविळीत रक्तात वाढणाऱ्या पिवळ्या द्रव्याची, तपासणी करून घ्यावी.